बू विगातींचे उतारे

जावा बेटावरच्या वोनोसोबोच्या सरकारी शाळेत बारावीला इंग्रजी शिकवणाऱ्या बू, म्हणजे बाई, विगातींना एका गोष्टीची पक्की खात्री होती: आपली मुलं उतारा वाचतच नाहीत. ती प्रश्न बघतात, पर्याय बघतात, खिडकीबाहेर डोंगरावरून उतरणारं धुकं बघतात आणि कुठला तरी एक गोल काळा करून मोकळी होतात. खात्री होती, पण पुरावा नव्हता.

पुराव्यासाठी त्यांनी एका सोमवारी वर्गात सरावाचे कागद वाटले. प्रश्न नेहमीचेच होते. दुसऱ्या परिच्छेदाचा मुख्य मुद्दा कोणता? सहाव्या ओळीतला ‘तो’ म्हणजे कोण? लेखक दुःखी का आहे? प्रत्येकाखाली ए ते ई असे पाच पर्याय. नव्हता तो फक्त उतारा. तो बाईंनी छापलाच नव्हता. प्रश्नांच्या वर मोठी कोरी जागा होती. तिच्यात कुणी फुलं काढली, कुणी मोटारसायकल काढली, आणि तास संपल्यावर सगळ्यांनी मुकाट्याने कागद परत दिले. उतारा कुठाय, असं एकानेही विचारलं नाही.

बाईंनी घरी बसून पेपर तपासले. वर्गाची सरासरी मागच्या वेळेपेक्षा वर गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या बाकावरच्या लिंतांगला उभं केलं. ही वर्गातली सगळ्यात तल्लख मुलगी, आणि म्हणूनच सगळ्यात आळशी.

“सातवा प्रश्न. लेखक दुःखी का आहे? तू ‘सी’ लिहिलंस. का गं?”

“सी सगळ्यात लांब होता, बू. लांब असतो तो बरोबर असतो.”

“बरं. आणि लेखक कुठाय?”

लिंतांगने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मग उलटा करून पाहिला. तिचे कान तांबडे झाले.

“बू, लेखकच नाहीये.”

वर्गात जो हशा उसळला तो शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या मास्तरांना दार वाजवून थांबवावा लागला. बू विगातीही हसत होत्या. त्यांच्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, पायात बारा महिने रबरी बूट घालणाऱ्या ह्या बाईंचा चेहरा इतका भाबडा होता की गाव त्यांना आपण होऊन सगळं सांगून टाकायचं. दुकानदार सांगायचे, बसचे कंडक्टर सांगायचे, मुख्याध्यापकांची बायकोसुद्धा सांगायची. बाई “हो का?” म्हणायच्या आणि एक अक्षर विसरायच्या नाहीत.

मुलांवर त्या रागावल्या नाहीत, कारण खरं सांगायचं तर सरावाच्या पुस्तकातले ते उतारे त्यांच्याच्याने वाचवत नव्हते. वर्षानुवर्षं कुठल्यातरी जंगलात कुणीतरी मगरीला फसवत होतं. वर्षानुवर्षं परदेशातली एक मैत्रीण तिथली हवा कळवत होती. मुलांनी ते वाचावं तरी का? माणूस वाचतो ते दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळायला. हा विचार मनात आला आणि बाईंनी संगणक उघडला.

पहिला उतारा वर्णनाचा होता. विषय होता शाळेच्या कँटीनमधलं तेम्पे केमुल, म्हणजे पिठाच्या पांघरुणात तळलेली सोयाबीनची वडी. इंग्रजी अगदी साधं होतं. ‘पूर्वी ह्या पिवळ्या पिठाच्या पांघरुणाखाली तेम्पेची वडी झोपलेली असायची. हल्ली पांघरूण मोठं झालं आहे. झोपणारा कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही.’ प्रश्न तिसरा: ‘झोपणारा’ म्हणजे कोण?

चाचणी चालू असताना मागच्या बाकावरचा गालिह फिस्सकन हसला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो उतारा वाचताना पकडला गेला.

मधल्या सुट्टीत मुलं कँटीनच्या फळीपाशी उभी राहून तेम्पेचं पांघरूण नखाने उचलून आत डोकावू लागली. “यू, झोपणारा आज सुट्टीवर आहे का?” कँटीनवाली यू, म्हणजे ताई, जुमिराह एप्रनला हात पुसत थेट शिक्षकांच्या खोलीत आली.

“बू, माझ्याबद्दल इंग्रजीत काय लिहिलंत तुम्ही?”

“तुमच्याबद्दल कुठे? तेम्पेचं वर्णन केलंय.”

“चांगलं का वाईट?”

“वर्णन हो. विशेषणं आहेत नुसती.”

जुमिराहने त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. त्या भाबड्या चेहऱ्यावरून तिला काहीच उमगेना. पण दुसऱ्या दिवशी तेम्पे बोटभर जाड झालं. सगळी शाळा ते खात होती आणि इंग्रजी विषयाला दुवा देत होती.

मग बाईंचा हात मोकळा सुटला. डोळे उघडे ठेवून झोपणारा फाटकावरचा रखवालदार झाला, कबरीवर फुलं नेतो सांगून रोज पत्ते खेळायला जाणारा कुणीएक म्हातारा झाला. नावं नसायची. नावं शोधायची तर उतारा वाचावा लागायचा, शब्द अडला तर कोश उघडावा लागायचा. बारावीच्या मुलांच्या दप्तरांतून पहिल्यांदाच शब्दकोश दिसू लागले. रस्त्यात बू विगाती समोरून आल्या की बरीच माणसं उगाचच शर्टाची बटणं नीट करू लागली.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. नंतर बाईंनी नूडल्सचा उतारा लिहिला.

शाळेत पाक, म्हणजे सर, हरसोयो नावाचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. पन्नाशीला टेकलेले, काटकुळे, डोक्यावर सदा लोकरीची टोपी. लग्न करायचं राहूनच गेलं होतं. शाळा सुटली की ते निळ्या स्कूटरवरून बाजाराच्या कोपऱ्यावरच्या कुस्तिनाच्या गाडीवर जायचे आणि ‘मी ओंगक्लोक’, म्हणजे दाट रश्शातल्या कोबीच्या नूडल्स, खायचे. कुस्तिना चाळिशीची, विधवा, दंडाला भक्कम. उकळत्या पाण्यात बांबूची टोपली बुडवून ती नूडल्स अशी झोडायची की पलीकडच्या फुटपाथवर आवाज जावा. पाक हरसोयो पहिला घास घेऊन रोज तक्रार करायचे. आज रस्सा दाट झाला. आज पातळ झाला. आज लसूण करपला. गावातल्या कुणी ती तक्रार मनावर घेतली नव्हती. बू विगाती मात्र शेजारच्या दुकानात कोबी निवडता निवडता बरेच दिवस ऐकत होत्या.

उताऱ्यात त्यांनी एवढंच मांडलं. लोकरीची टोपी घातलेला एक माणूस निळ्या स्कूटरवरून रोज एकाच गाडीवर जातो, रस्सा पातळ झाला म्हणत नाक मुरडतो, सगळं संपवतो, आपली थाळी स्वतः उचलून विक्रेतीच्या हातात देतो आणि उद्या पुन्हा येतो. प्रश्न पाचवा: तो पुन्हा का येतो? ए, गावात दुसरी गाडी नाही. बी, तिथे स्वस्त आहे. सी, त्याला विक्रेती आवडते. डी, त्याला तक्रार करायला आवडतं. ई, त्याला विसरायची सवय आहे.

बाईंचं उत्तर होतं डी. जवळजवळ अख्ख्या वर्गाने लिहिलं सी.

“डी,” बाई म्हणाल्या. “मी कित्येक दिवस बघतेय त्या माणसाला.”

“पण बू, थाळी?” लिंतांग उठून उभी राहिली. “चौथी ओळ. तक्रारीसाठी येणारा माणूस थाळी टेबलावर टाकून जातो. हा हातात नेऊन देतो.”

“शिस्तीचा असेल.”

“मग बाकीच्या थाळ्याही उचलेल. तसं लिहिलेलं नाही.”

“अगं, उतारा मी लिहिलाय. मला कळत नाही का?”

“तुम्हीच सांगता ना, लेखकाच्या मनात काय होतं ते विचारायचं नाही, मजकुरात काय आहे तेवढंच बघायचं!”

पंचवीस वर्षं हे वाक्य बू विगाती वर्गाच्या डोक्यात घालत होत्या, आणि ते कुणाच्या डोक्यात शिरलं असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. आतून त्यांना उकळ्या फुटत होत्या. तरी ताठ मानेने म्हणाल्या, “डी. बसा खाली.”

वर्ग काही बसून राहिला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कुस्तिनाच्या गाडीवरचं एकूण एक बाकडं पांढऱ्या-करड्या गणवेशांनी भरलं होतं. हातात चॉपस्टिक्स, मांडीवर उतारा. पाक हरसोयो आले, टोपी काढली, पुन्हा घातली. बसायला जागाच नव्हती.

“या, पाक!” गालिह सरकत म्हणाला. “रस्सा कसा आहे ते आधी तुम्हीच सांगा.”

पाक हरसोयोंनी उभ्याउभ्या एक घास घेतला. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांची नजर गालिहच्या मांडीवरच्या कागदावर गेली.

थोड्याच वेळात ते तो कागद घेऊन शाळेत परतले आणि शिक्षकांच्या खोलीत बू विगातींच्या टेबलापाशी हजर झाले. खोलीतले बाकीचे शिक्षक एकाएकी वह्या तपासण्यात गुंग झाले.

“हा माणूस मी आहे का?”

“नाव कुठे दिसतंय?”

“निळी स्कूटर आहे.”

“गावात निळ्या स्कूटरी काय थोड्या आहेत?”

“लोकरीची टोपी आहे. रस्सा पातळ झाला म्हणतो. सोमवारी मी नेमकं हेच म्हणालो होतो.”

“मग तुमची तुम्हीच ओळख पटवलीत, पाक हरसोयो. आकलन चांगलं आहे.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवून सरळ केला. चिडतील, मुख्याध्यापकांकडे जातील, असं बाईंना वाटलं होतं.

“पाचव्या प्रश्नाचं उत्तर काय धरलंत?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“डी.”

“चूक आहे,” पाक हरसोयो म्हणाले आणि टोपी सारखी करत निघून गेले.

बू विगातींना त्या दिवशी जेवण गोड लागेना. गुण कापलेली मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर येत होती. शिवाय, आपण समोर बसून बघत होतो आणि आपल्याला दिसलं नाही, हे जास्त झोंबत होतं. शनिवारी दुपारी त्या छत्री घेऊन गाडीवर गेल्या. धुक्यामुळे गिऱ्हाईक नव्हतं. कुस्तिना कोबी चिरत होती.

“या बू. तुमचीच वाट बघत होते. पोरांनी वाचून दाखवलं मला सगळं.”

“रागावलात का?”

“रागावले तर! त्याला काय वाटतं ते विचारलंत. पाच-पाच पर्याय दिलेत. आणि मला काय वाटतं? मी काय टोपली आहे? नुसती पाण्यात बुडवायची?”

बू विगाती बाकड्यावर बसल्या. “मग सांगा ना, काय वाटतं.”

कुस्तिनाने सुरी खाली ठेवली, इकडे तिकडे पाहिलं, आणि खुदकन हसली. “मी रोज रश्शात काहीतरी बदलते. एक दिवस मीठ कमी, एक दिवस लसूण जरा जास्त भाजायचा. मुद्दाम. इतकी माणसं जेवतात इथे, मोबाईलमध्ये बघत गिळतात आणि उठतात. कुणाला म्हणून कळत नाही. तो मेला बरोबर ओळखतो. एकदा तर साखरेच्या जागी गूळ घातला. म्हणाला, आज गूळ आहे, आणि तो जुना आहे.”

“होता जुना?”

“होता की!”

बाईंचे खांदे हलू लागले. “हे लिहू का मी?”

“लिहा. पण मला देखणी दाखवा. आणि वय लिहू नका.”

पुढच्या चाचणीचा उतारा विक्रेतीच्या बाजूने होता. कुस्तिनाने बाईंना समोर बसवून तो सरकारी वकिलासारखा लिहून घेतला. एकेका वाक्याचा अर्थ विचारला आणि ‘देखणी’च्या आधी ‘फार’ घालायला लावलं. मुलांनी तो वाचून बाकं बडवली. त्यातली एक प्रत पाक हरसोयोंच्या टेबलावर कुणीतरी ठेवली. कुणी ते बू विगातींना ठाऊक होतं, कारण ठेवताना आजूबाजूला कुणी नाही ना हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं.

त्या दिवशी पाक हरसोयो एक शब्द न बोलता पूर्ण थाळी खाऊन गेले. कुस्तिनाच्या हातातली टोपली तशीच राहिली. बरं नाही का, तोंडाला चव नाही का, की बोलणंच सोडलं आपल्याशी? तिचं दुसऱ्या दिवशी बाजारातल्या निम्म्या बायकांना विचारून झालं. संध्याकाळी ते आले, बसले आणि म्हणाले, “काल लसूण नव्हताच. बघत होतो, तुम्हाला चैन पडतं का.”

“मग? पडलं का?”

“मला नाही पडलं,” पाक हरसोयो म्हणाले.

हे सगळं कर्णोपकर्णी मुख्याध्यापकांपर्यंत गेलं. ते सज्जन होते, पण घाबरट. पुढचा उतारा आपल्यावर येईल ह्या धास्तीने त्यांनी जिल्ह्याच्या शिक्षण खात्यातून तपासनीस बोलावला. पाक मुर्तोपो नावाचे इस्त्रीचे कपडे घातलेले, मृदू बोलणारे गृहस्थ आले. त्यांनी बू विगातींना मागच्या बाकावर बसवलं आणि आपल्या पिशवीतून रीतसर मंजूर झालेला उतारा काढून वाटला.

“असे असावेत उतारे,” ते म्हणाले. “स्वच्छ. कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

उताऱ्याचं नाव होतं ‘माझी सुट्टी’. मी पहाटे उठलो. मी भाताच्या दोन पुड्या बांधल्या. मी समुद्रकिनाऱ्यावर गेलो. आम्ही वाळूत खेळलो. आम्ही फोटो काढले. हवा छान होती. मी बसने घरी आलो. तो दिवस अविस्मरणीय होता.

“पहिला प्रश्न,” पाक मुर्तोपो म्हणाले. “लेखक केव्हा उठला?”

सगळ्यांची डोकी कागदात होती.

“पाक,” लिंतांग म्हणाली, “ती कोण होती?”

“कोण ती?”

“भाताच्या दोन पुड्या आहेत. किनाऱ्यावर ‘आम्ही’ आहे. बसमध्ये मात्र नुसता ‘मी’ आहे. सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मधे एक माणूस कमी झालं.”

“भांडण झालं असणार,” कुणी म्हणालं.

“हवा छान होती असं मधेच का सांगितलंय?” दुसऱ्याने विचारलं. “बोलायला काही उरलं नाही की माणूस हवेवर येतो.”

“बुडाली!” गालिह ओरडला. “लाटेने नेली! म्हणून तर अविस्मरणीय!”

“कुणीही बुडालं नाही!” पाक मुर्तोपो मोठ्याने म्हणाले.

सगळा वर्ग त्यांच्याकडे वळला. मागच्या बाकावर बू विगातींनी रुमाल तोंडाला लावला.

“पाक, तुम्हाला काय माहीत?” लिंतांगने आदराने विचारलं. “मजकुरात तसं नाही.”

पाक मुर्तोपोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हा उतारा मी लिहिलाय. नोकरीला लागलो त्या वर्षी.”

“मग ती?”

“तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन न्यायला आला. माझी त्याची ओळख नव्हती. त्याला ओळख करून घ्यायचीही नव्हती.”

“आणि दुसरी पुडी?”

“बसमध्ये खाल्ली मीच,” तपासनीस म्हणाले. मुलींच्या रांगेतून एक लांब सुस्कारा निघाला. गालिहने बुडवल्याबद्दल उभं राहून माफी मागितली.

तास संपल्यावर मुख्याध्यापक दारातच हात चोळत उभे होते. पाक मुर्तोपो जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मुलं वाचतात. ह्यापेक्षा जास्त मला काही तपासता येत नाही. उतारे चालू ठेवा, फक्त लोकांची नावं घालू नका.”

“नावं नव्हतीच घातली,” बू विगाती म्हणाल्या.

“म्हणूनच ते प्रत्येकाला आपल्यावरचे वाटतात,” तपासनीस म्हणाले आणि गाडीत बसले.

वर्षाअखेरची परीक्षा झाली. वर्गाचे गुण चांगले आले. आकाशाला हात लागले असं नाही, पण उताऱ्यांच्या प्रश्नांत कुणी नापास झालं नाही. पाचव्या प्रश्नाचे कापलेले गुण बू विगातींनी त्याआधीच परत देऊन टाकले होते. सी लिहिणाऱ्यांना दिले आणि एकट्याने ई लिहिणाऱ्या रखवालदाराच्या मुलालाही दिले, कारण वर्गात पुरावा मागितला तेव्हा त्याने इतकं मनापासून भांडण केलं की बाईंना त्याला हरवणं जिवावर आलं.

मोठ्या सुट्टीत पाक हरसोयो आणि कुस्तिनाचं लग्न झालं. वाढायला सगळा बारावीचा वर्ग होता, डोक्यावर जावानीज पद्धतीचे फेटे, हातांत ताटं. नवऱ्याने स्वतःच्या लग्नातही रश्शाला नाव ठेवलं आणि नवरी इतकी खूश झाली की निकाह लावणाऱ्या इमामांनासुद्धा कळेना, हिला झालंय काय.

बू विगाती मांडवाच्या कडेला खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्या दिसल्या की लोकांचे आवाज खाली यायचे. दोघी जावा भांडता भांडता थांबल्या आणि एकमेकींना पाणी देऊ लागल्या. फोनवर कुणाला तरी थापा मारणाऱ्या एका गृहस्थाने त्यांच्याकडे बघून “येतो, येतो, खरंच येतो” म्हणून फोन ठेवला. बाईंनी सगळ्यांना मान हलवून नमस्कार केला. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच भाबडा होता. समोरच्या रांगेत मुख्याध्यापक सातेची, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मटणाची, काडी संपवून, इकडे तिकडे न बघता, ती शेजारी बसलेल्या बायकोच्या ताटाखाली सरकवत होते. डॉक्टरांनी दोघांनाही मटण बंद केलं होतं. बायको दुसरीकडे बघत होती, पण तिच्याही ताटाखाली काड्या बऱ्याच होत्या, आणि त्या सगळ्या काही नवऱ्याच्या नव्हत्या.

बू विगातींनी खुर्ची जरा पुढे ओढली.